एका वर्षाची पदावली : १९६४ आणि चिरगावचा कवी

राष्ट्राच्या एखाद्या वर्षाची नोंद करण्याची एक ठरीव रीत आहे. वार्षिकीच्या आरंभी राष्ट्रपती, उपराष्ट्रपती, पंतप्रधान, सरन्यायाधीश, राज्यपाल आणि मुख्यमंत्री यांची नावे येतात. त्यानंतर महिनावार घटना. आणि अखेरीस त्या वर्षी दिवंगत झालेल्या व्यक्तींची यादी. साहित्यिक बहुधा या शेवटच्या रकान्यात आढळतो. पदे कोणी भूषविली हे पहिल्या पानावर आणि शब्द कोणी दिले हे शेवटच्या पानावर, अशी ही वाटणी आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्याविषयी प्रश्न विचारावा असे आपणांस सहसा वाटत नाही.

भारतीय साहित्यांच्या अभ्यासकाने मात्र हा प्रश्न विचारणे अगत्याचे आहे. त्यासाठी प्रस्तुत लेखात १९६४ हे एकच वर्ष घेतले आहे, आणि ते झाशी जिल्ह्यातील चिरगाव या लहानशा गावाच्या बाजूने पाहिले आहे. झाशीहून कानपूरकडे जाणाऱ्या वाटेवरील या गावी ३ ऑगस्ट १८८६ रोजी मैथिलीशरण गुप्त यांचा जन्म झाला. १२ डिसेंबर १९६४ रोजी त्यांचे निधन झाले, आणि त्याच वर्षाच्या एप्रिलपर्यंत ते राज्यसभेचे सदस्य होते. म्हणजे त्या वर्षाच्या नोंदीत त्यांचे नाव दोनदा यावयास हवे : एकदा पदाधिकाऱ्यांत आणि एकदा दिवंगतांत. या दोन नोंदींच्या मधल्या आठ महिन्यांत देशात जे घडले त्याने ‘राष्ट्रकवी’ या शब्दाचा अर्थ तपासून पाहण्यास भाग पाडले, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

१. वर्षाचा पट

१९६४ च्या आरंभी सर्वपल्ली राधाकृष्णन् राष्ट्रपती आणि झाकिर हुसेन उपराष्ट्रपती होते. जवाहरलाल नेहरू पंतप्रधानपदावर होते. पण जानेवारीत काँग्रेसच्या भुवनेश्वर अधिवेशनात त्यांना पक्षाघाताचा झटका आला, आणि त्याच महिन्यात लालबहादुर शास्त्री बिनखात्याचे मंत्री म्हणून मंत्रिमंडळात परत आले. काँग्रेसचे अध्यक्षपद कामराज यांच्याकडे होते. गृहखाते गुलझारीलाल नंदा, अर्थखाते टी. टी. कृष्णम्माचारी, शिक्षणखाते मुहम्मद करीम छागला आणि संरक्षणखाते यशवंतराव चव्हाण सांभाळीत होते.

मराठी वाचकास या पटावर ओळखीची नावे पुष्कळ दिसतील. १ फेब्रुवारी १९६४ रोजी प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर भारताचे सरन्यायाधीश झाले. महाराष्ट्रात मारोतराव कन्नमवार यांच्या निधनानंतर डिसेंबर १९६३ मध्ये वसंतराव नाईक मुख्यमंत्री झाले होते. गोव्यात त्याच डिसेंबरात दयानंद बांदोडकरांचे पहिले लोकनियुक्त मंत्रिमंडळ अधिकारावर आले होते. महाराष्ट्राच्या राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी १९६४ च्या ऑक्टोबरात पद सोडले आणि नेहरूंच्या निधनाने रिकाम्या झालेल्या फुलपूर मतदारसंघातून त्या लोकसभेवर निवडून गेल्या. उलट दिशेने, पुण्याचे मधु लिमये त्याच वर्षी बिहारमधील मुंगेरच्या पोटनिवडणुकीत विजयी झाले. संयुक्त समाजवादी पक्षाचे अध्यक्षपद एस. एम. जोशी यांच्याकडे आले. कम्युनिस्ट पक्षाची फूट याच वर्षी पुरी झाली.

चिरगाव ज्या राज्यात आहे त्या उत्तर प्रदेशात सुचेता कृपलानी मुख्यमंत्री होत्या. भारतातील कोणत्याही राज्याच्या त्या पहिल्या स्त्री मुख्यमंत्री. त्या राज्यात मार्चमध्ये एक अभूतपूर्व पेच उद्भवला. विधानसभेने हक्कभंगाबद्दल केशव सिंह नावाच्या कार्यकर्त्यास तुरुंगात धाडले. उच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी त्याची जामिनावर सुटका करविली. तेव्हा विधानसभेने त्या न्यायमूर्तींनाच सभागृहापुढे आणण्याचा ठराव केला. राष्ट्रपतींनी हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाच्या अभिप्रायासाठी पाठविला, आणि गजेंद्रगडकर यांच्या अध्यक्षतेखालील पीठाने ३० सप्टेंबर रोजी न्यायमूर्तींची बाजू ग्राह्य धरली. कोणाच्या शब्दाला कोठवर अधिकार आहे, हा या प्रकरणाच्या मुळाशी असलेला प्रश्न होता. तो आपल्या विषयाला परका नाही.

२. सभागृहातील आसन

कवी संसदेत कसा पोहोचला, हे समजण्यासाठी बारा वर्षे मागे जावे लागते. संविधानाच्या अनुच्छेद ८० प्रमाणे वाङ्मय, शास्त्र, कला आणि समाजसेवा यांचे विशेष ज्ञान वा प्रत्यक्ष अनुभव असलेल्या बारा व्यक्तींची नियुक्ती राष्ट्रपती राज्यसभेवर करतात. १९५२ मधील पहिल्या बारा जणांत झाकिर हुसेन, सत्येंद्रनाथ बोस, राधाकुमुद मुखर्जी, कालिदास नाग, रुक्मिणीदेवी अरुंडेल, पृथ्वीराज कपूर, अल्लादी कृष्णस्वामी अय्यर, काकासाहेब कालेलकर आणि मैथिलीशरण गुप्त यांचा समावेश होता. यांपैकी कालेलकर हे साताऱ्यात जन्मलेले, मराठी मातृभाषेचे, पण मुख्यतः गुजरातीत लिहिणारे आणि हिंदुस्थानीचा प्रचार करणारे. एकाच व्यक्तीत तीन भाषांचा संसार. या नियुक्त्यांवर त्या काळी टीकाही झाली. तेव्हा नेहरूंनी लोकसभेत असे स्पष्ट केले की ही मंडळी कोणत्याही पक्षाची प्रतिनिधी नसून साहित्य, कला आणि संस्कृती यांच्या क्षेत्रांतील श्रेष्ठतेची प्रतिनिधी आहेत.

राज्यसभा कधीच विसर्जित होत नाही. दर दोन वर्षांनी तिचे सुमारे एकतृतीयांश सदस्य निवृत्त होतात. गुप्तांना १९५२ मध्ये सहा वर्षांची पूर्ण मुदत मिळाली आणि १९५८ मध्ये पुन्हा तेवढीच. त्यामुळे २ एप्रिल १९६४ ही त्यांच्या सदस्यत्वाची अखेरची तारीख आधीच ठरलेली होती. त्या वेळी सभापतीच्या आसनावर उपराष्ट्रपती म्हणून झाकिर हुसेन होते, म्हणजे १९५२ च्या त्याच बारा जणांपैकी एक. एकाच दाराने आत आलेल्या दोघांपैकी एक पदांच्या जिन्याने वर गेला, दुसरा आपल्या जागी कवीच राहिला.

सभागृहात गुप्तांनी पुष्कळदा पद्यातून आपले विचार मांडले. याकडे कौतुकाची एक गंमत म्हणून पाहण्याचा प्रघात आहे. वस्तुतः त्यामागे एक सुसंगत काव्यदृष्टी आहे. महावीरप्रसाद द्विवेदी यांनी ‘सरस्वती’ मासिकातून खडी बोलीला काव्यभाषेचे स्थान मिळवून दिले. रेल्वेच्या नोकरीत झाशी येथे राहिलेले आणि मराठी उत्तम जाणणारे हे द्विवेदी गुप्तांचे गुरुस्थानी होते. ज्या भाषेत बाजारात व कचेरीत व्यवहार होतो त्याच भाषेत कविता व्हावी, हा त्या चळवळीचा आग्रह होता. पहिल्या महायुद्धापूर्वीच्या वर्षांत प्रसिद्ध झालेल्या ‘भारत-भारती’ची अतीत, वर्तमान आणि भविष्यत् या तीन खंडांतील मांडणी, आणि तिच्यामागे असलेला हालींच्या उर्दू ‘मुसद्दसा’चा आदर्श, ही कविता सार्वजनिक विचारविनिमयाचा भाग असल्याचेच सांगतात. तेव्हा अर्थसंकल्पावर पद्यात बोलणारा कवी हा खडी बोलीच्या कवितेने अर्धशतकापूर्वी पत्करलेले कामच संसदेत करीत होता. ही पद्ये काव्य म्हणून किती टिकतील हा प्रश्न वेगळा. त्यांची जातकुळी मात्र ओळखली पाहिजे.

या आसनावर मराठी साहित्यिकही बसले. महामहोपाध्याय पां. वा. काणे १९५३ ते १९५९ या काळात नियुक्त सदस्य होते. मामा वरेरकर १९५६ पासून सदस्य होते, ते २३ सप्टेंबर १९६४ रोजी निधन होईपर्यंत. आणि ज्या एप्रिलात गुप्तांची मुदत संपली त्याच एप्रिलात शकुंतला परांजपे नियुक्त सदस्य म्हणून सभागृहात आल्या. लेखिका आणि संततिनियमनाच्या खंद्या पुरस्कर्त्या अशा परांजपे यांची नियुक्ती हा नियुक्त आसनाच्या अर्थातील एक पालट होता, असे म्हणता येईल. राष्ट्राच्या गतवैभवाच्या गायकानंतर त्याच्या रोजच्या घरसंसाराच्या प्रश्नांवर लिहिणारी व्यक्ती तेथे आली.

३. तेरा दिवस आणि रिक्त सिंहासन

२७ मे १९६४ रोजी दुपारी नेहरूंचे निधन झाले. त्याच दिवशी राष्ट्रपतींनी गुलझारीलाल नंदा यांना पंतप्रधानपदाची शपथ दिली. संविधानात ‘हंगामी पंतप्रधान’ असे निराळे पद नाही. नंदांची शपथ ही पंतप्रधानाचीच होती, आणि तिची मर्यादा केवळ संकेताने ठरलेली होती. कामराज यांनी पक्षातील मते अजमावली. मोरारजी देसाई बाजूला झाले. २ जून रोजी काँग्रेस संसदीय पक्षाने शास्त्रींची निवड केली आणि ९ जूनला त्यांचा शपथविधी झाला. ‘नेहरूंनंतर कोण?’ या प्रश्नाने देशात आणि देशाबाहेर कित्येक वर्षे शाई खर्ची पडली होती. त्याचे उत्तर तेरा दिवसांत, कोणताही उत्पात न होता मिळाले. त्या वर्षाच्या घटनांत ही सर्वांत मोठी होय.

येथे गुप्तांच्या ‘साकेत’ या १९३१ च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या महाकाव्याची आठवण होणे स्वाभाविक आहे. ती भविष्यवाणी म्हणून नव्हे, हे प्रथमच सांगितले पाहिजे. जुन्या काव्यात नव्या घटनेची रूपके शोधणे ही समीक्षा नव्हे. ‘साकेत’चा विचार येथे येतो तो त्याच्या रचनेमुळे. साकेत म्हणजे अयोध्या. रामकथेतील बहुतेक काव्ये रामाबरोबर वनात जातात. हे काव्य मागे राहते. राजा नसलेल्या राजधानीत चौदा वर्षे काय घडत होते, हा त्याचा विषय. भरत सत्ता सांभाळतो पण सिंहासनावर बसत नाही. नगरजन रामाच्या रथापुढे आडवे पडून त्याची वाट अडवतात, आणि त्यात गांधींच्या सत्याग्रहाचा पडसाद अनेक समीक्षकांना जाणवला आहे. चित्रकूटाच्या सभेत कैकेयी आपल्या अपराधाची जाहीर कबुली देते. सत्ता कोणाकडे आहे याइतकाच ती सोडणारा, नाकारणारा आणि तिच्यामुळे मागे राहणारा कोण, हा प्रश्न येथे महत्त्वाचा ठरतो.

मागे राहणाऱ्यांत मुख्य ऊर्मिला. रवींद्रनाथांनी काव्यातील उपेक्षितांविषयी लिहिले, द्विवेदींनी कवींच्या ऊर्मिलेविषयीच्या उदासीनतेवर हिंदीत लेख लिहिला, आणि चिरगावात गुप्तांनी नवव्या सर्गात तिच्या विरहाला वाचा दिली. मराठीत वरेरकरांच्या ‘भूमिकन्या सीता’ या नाटकातही ऊर्मिलेचे दुःख रंगभूमीवर आले. बंगालीतून हिंदीत आणि पुढे मराठी रंगभूमीवर दिसणारा हा विषय तुलनात्मक अभ्यासकांच्या परिचयाचा आहे. पण त्याच्याशी संबंधित दोघे लेखक आठ वर्षे एकाच सभागृहाचे सदस्य होते आणि एकाच वर्षी, तीन महिन्यांच्या अंतराने गेले, ही गोष्ट सहसा नजरेस येत नाही. राजांच्या वंशावळीत ऊर्मिलेला जागा नाही. पदाधिकाऱ्यांच्या यादीतही तिच्यासारख्यांना नसते. ‘साकेत’ हे अशा यादीचे दुसरे पान आहे, आणि त्याचा राजकीय आशय तेथे शोधावयास हवा.

४. बिरुदाचा प्रश्न

पंतप्रधानपद तेरा दिवसांत भरले गेले. डिसेंबरात जे रिकामे झाले ते मात्र पद होते काय? महात्मा गांधींनी गुप्तांना राष्ट्रकवी म्हटले आणि ते बिरूद लोकांनी उचलले. त्याला शपथ नव्हती, मुदत नव्हती, वेतन नव्हते आणि उत्तराधिकाराचा नियमही नव्हता. १९५२ पासून १९६४ पर्यंत राज्यसभेत असलेल्या रामधारी सिंह ‘दिनकर’ यांनाही पुढे त्याच बिरुदाने संबोधले गेले, तेही लोकप्रेमाने. कोणत्याही राजपत्राने नव्हे.

परंतु हिंदीच्या बाहेर पाहिले की चित्र पालटते. मंजेश्वरचे गोविंद पै, ज्यांची मातृभाषा कोंकणी आणि काव्यभाषा कन्नड, यांना १९४९ मध्ये मद्रास सरकारने राष्ट्रकवी म्हणून गौरविले होते. पै १९६३ मध्ये वारले, आणि १९६४ मध्येच म्हैसूर राज्याच्या सरकारने कुवेंपु यांना राष्ट्रकवी ही पदवी दिली. म्हणजे ज्या वर्षी हिंदीचा राष्ट्रकवी गेला त्याच वर्षी कन्नडला नवा राष्ट्रकवी मिळाला. आणि तो एका राज्याने नेमलेला होता. शब्द एक, अक्षरे एक, पण एका भाषेत ते लोकमुखी बिरूद आणि दुसरीत शासकीय सन्मान. मराठीत तर ‘राष्ट्र’ हा शब्द ‘महाराष्ट्र’ या नावातच वसलेला असल्याने त्याला दुहेरी ध्वनी आहे. मराठीने तुकडोजी महाराजांना राष्ट्रसंत म्हटले. पण राष्ट्रकवी हे नाव कोणा एका कवीला कायमचे चिकटविले नाही.

हा केवळ शब्दकोशाचा प्रश्न नव्हता. अनुच्छेद ३४३ प्रमाणे इंग्रजीची पंधरा वर्षांची मुदत २६ जानेवारी १९६५ रोजी संपणार होती. १९६३ च्या राजभाषा अधिनियमाने इंग्रजीचा वापर पुढे चालू ठेवण्यास मुभा दिली, पण तिची भाषा हिंदीतर प्रांतांना पुरेशी ठाम वाटली नाही. १९६४ च्या जानेवारीत तिरुचिरापल्ली येथे चिन्नसामी या तरुणाने हिंदीच्या विरोधात आत्मदहन केले. महाराष्ट्र राज्याने मराठीला राज्यकारभाराची भाषा करणारा जो कायदा केला त्याच्या नावातही १९६४ हेच वर्ष आहे. १२ डिसेंबरला गुप्तांचे निधन झाले आणि त्यानंतर पंचेचाळीस दिवसांनी ती तारीख उगवली. तमिळनाडूत जानेवारी-फेब्रुवारी १९६५ मध्ये झालेला उद्रेक सर्वांना ठाऊक आहे. एका भाषेचा कवी हाच राष्ट्राचा कवी, ही कल्पना स्वातंत्र्यलढ्याच्या उत्साहात निःशंकपणे उच्चारता येत होती. ती १९६४ च्या अखेरीस तशी उच्चारणे शक्य राहिले नव्हते. याचा दोष कवीकडे जात नाही. बंगालीतून ‘मेघनाद-वध’ आणि ‘पलासीचे युद्ध’ हिंदीत आणणाऱ्या या कवीची वृत्ती इतर भाषांकडून घेण्याची होती. बिरुदाने मात्र त्याच्या भाषेवर असा भार टाकला की तो कोणत्याही एका भाषेस पेलणारा नव्हता.

५. दुसरा कवी

त्या वर्षाच्या दिवंगतांत आणखी एक नाव आहे. गजानन माधव मुक्तिबोध ११ सप्टेंबर १९६४ रोजी दिल्लीत वारले. मराठी घरात जन्मलेले आणि हिंदीत लिहिणारे. धाकटे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध मराठीतील मान्यवर कवी. गजानन मुक्तिबोधांच्या इतिहासविषयक पाठ्यपुस्तकावर मध्य प्रदेश सरकारने १९६२ मध्ये बंदी घातली होती. ते अत्यवस्थ असताना हिंदी लेखकांनी नव्या पंतप्रधानांना, शास्त्रींना, साकडे घातले आणि त्यांना भोपाळहून दिल्लीच्या रुग्णालयात हलविण्यात आले; पण तोवर फार उशीर झाला होता. त्यांचा पहिला स्वतंत्र काव्यसंग्रह त्यांच्या मृत्यूनंतर वाचकांच्या हाती पडला.

गुप्त आणि मुक्तिबोध यांना परस्परांविरुद्ध उभे करणे सोपे आहे, आणि हिंदी समीक्षेत तसे झालेही आहे : एक सत्तेच्या सभागृहातील, दुसरा सत्तेच्या अंधाऱ्या गल्लीतील. परंतु सभागृहातील कवीही १९४१ मध्ये परकीय सत्तेच्या तुरुंगात जाऊन आला होता, हे विसरता कामा नये. दोघांनाही सत्तेचा स्पर्श झाला. एकास प्रथम बेडी म्हणून आणि मग आसन म्हणून, दुसऱ्यास प्रथम बंदी म्हणून आणि मग शेवटच्या घटकेची मदत म्हणून. एकाच वर्षाची नोंद वाचताना हे दोन्ही क्रम शेजारी ठेवले, तर प्रजासत्ताकाने आपल्या कवींशी कसा व्यवहार केला याचे अधिक खरे चित्र मिळते.

६. उपसंहार

पदांची यादी निरुपयोगी आहे, असा या विवेचनाचा अर्थ नाही. उलट, तारखांच्या काटेकोर नोंदीवाचून वरील एकही संबंध दिसला नसता. २ एप्रिल, २७ मे, ९ जून, ११ सप्टेंबर, २३ सप्टेंबर, १२ डिसेंबर : या तारखा साहित्येतिहासाने स्वतःच्या म्हणून वापरल्या पाहिजेत. भारतीय साहित्याचा इतिहास आपण भाषावार लिहितो, आणि राजकीय इतिहास वर्षवार. एखादे वर्ष आडवे कापून सर्व भाषा एकत्र पाहिल्या, की हिंदीतील एका निधनाचा अर्थ कन्नडमधील एका सन्मानाने आणि तमिळनाडूतील एका आत्मदहनाने बदलतो, हे ध्यानात येते.

१९६५ च्या पहिल्या ज्ञानपीठ पुरस्कारासाठी मल्याळम कवी जी. शंकर कुरूप यांची निवड झाली. राष्ट्राचा एक कवी ही कल्पना मागे पडून दर वर्षी निरनिराळ्या भाषेकडे जाऊ शकणारा सन्मान पुढे आला. चिरगावच्या कवीची जागा भरली गेली नाही, ती अशी वाटली गेली. प्रजासत्ताकात पदे एकाकडून एकाकडे जातात; शब्दांचा अधिकार मात्र अनेकांकडे जातो, हे त्या एका वर्षाच्या नोंदीतून शिकण्यासारखे आहे.